स्मारक जागेवर आहे का? पुरातत्त्व खात्याचे लेखापरीक्षण समजून घेताना

बेंगळुरूच्या वायव्येला यशवंतपूरची बाजार समिती आहे. महाराष्ट्रातून ट्रकने निघालेला कांदा तिथल्या आवारात उतरतो. समजा, त्या आवारातील एका गोदामाची तपासणी करायला तुम्हाला पाठवले आहे. साठावहीत ४०० गोण्या लिहिल्या आहेत. हमालीच्या, भाड्याच्या पावत्या लावलेल्या आहेत, बेरजा जुळतात, सह्या जागच्या जागी आहेत. एवढे पाहून तुम्ही परत फिराल का? नाही फिरणार. दार उघडायला सांगाल आणि गोण्या मोजाल. वहीत गोणी आहे म्हणजे गोदामात गोणी आहे, असे कोणताही तपासनीस गृहीत धरत नाही.

आता गोण्यांच्या जागी मंदिरे, कबरी, बुरूज, शिलालेख आणि तटबंद्या ठेवा. साठावही म्हणजे संरक्षित स्मारकांची यादी आणि गोदाम म्हणजे सगळा देश. हे गोदाम उघडून मोजणी करण्याचे काम भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगने, मोठ्या प्रमाणावर केले आणि त्याचा अहवाल २०१३ मध्ये संसदेपुढे आला. पाहिलेल्या १६५५ स्मारकांपैकी ९२ स्मारकांचा ठावठिकाणा लागला नाही. ही मोजणी कशी झाली, ती का करावी लागली आणि तिच्यानंतर काय घडले, हे या घटकात आपण पाहू. लोकप्रशासन, वाणिज्य किंवा पुरातत्त्व यांपैकी कोणताही विषय तुम्ही शिकत असाल, तरी पुढील विवेचनासाठी लेखाशास्त्राची वेगळी पूर्वतयारी लागणार नाही.

कोणाचे स्मारक, कोणाची तपासणी

यशवंतपूर स्थानकातून मेट्रोच्या हिरव्या मार्गाने कृष्णराजेंद्र मार्केटला उतरलात, की पायी जाण्याच्या अंतरावर दोन वास्तू लागतात. एक म्हणजे बेंगळुरूच्या किल्ल्याचा उरलेला भाग आणि दुसरी म्हणजे टिपूचा लाकडी खांबांचा राजवाडा. किल्ला मुळात केंपेगौडाच्या काळात मातीचा होता, हैदरअलीने तो दगडात बांधून काढला. राजवाड्याचे काम हैदरने सुरू केले आणि टिपूच्या काळात १७९१ मध्ये ते पुरे झाले. त्याच वर्षी २१ मार्चला कॉर्नवॉलिसच्या फौजेने जिथून तट फोडला, तिथे तसा फलक आहे. या दोन्ही वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, म्हणजे आपण रोजच्या बोलण्यात ज्याला एएसआय म्हणतो त्या केंद्रीय खात्याकडे आहेत.

शहरातल्या सगळ्याच जुन्या वास्तू मात्र या खात्याकडे नाहीत. केंद्राची यादी १९५८ च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियमाखाली चालते. कर्नाटक राज्याचा वेगळा कायदा १९६१ चा आहे, त्याची यादी वेगळी आणि ती सांभाळणारे खातेही वेगळे. महाराष्ट्रातही राज्याचा १९६० चा कायदा आणि राज्याचे पुरातत्त्व संचालनालय आहे. शिवाय कितीतरी वास्तू देवस्थानाच्या, महापालिकेच्या किंवा खाजगी मालकीच्या असतात, तर काहींना कोणी वालीच नसतो. म्हणून लेखापरीक्षकाचा पहिला प्रश्न साधा असतो: ही वास्तू कोणाच्या यादीत आहे? यादी कळली की जबाबदार खाते कळते, आणि खाते कळले की अहवाल कुठे जाणार तेही कळते. संविधानाच्या अनुच्छेद १५१ नुसार केंद्राच्या हिशेबांवरील कॅगचा अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेपुढे आणि राज्याच्या हिशेबांवरील अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळापुढे ठेवला जातो. एएसआय हे संस्कृती मंत्रालयाचे संलग्न कार्यालय असून त्याचा पैसा संचित निधीतून येतो. त्यामुळे १९७१ च्या कॅग अधिनियमानुसार त्याची तपासणी कॅगकडे आपोआप येते, कोणी वेगळी मागणी करावी लागत नाही.

लेखापरीक्षणाचे तीन प्रकार तुम्ही आधी वाचले असतील. वित्तीय लेखापरीक्षणात हिशेब खरे चित्र दाखवतो का ते पाहतात, अनुपालन लेखापरीक्षणात नियम पाळले का ते पाहतात आणि कामगिरी लेखापरीक्षणात ज्या कामासाठी खाते उभे केले ते काम होते का, हे विचारतात. स्मारकांच्या बाबतीत तिसरा प्रकार खरा महत्त्वाचा. पहिल्या दोन प्रकारांतून खाते निष्कलंक सुटू शकते आणि तरीही स्मारक नाहीसे झालेले असू शकते. नाहीशा झालेल्या कबरीवर कोणी खर्चच करत नाही. खर्च नाही म्हणून पावती नाही, आणि पावती नाही म्हणून आक्षेप नाही. फक्त पैशाच्या मागे जाणारा तपासनीस अशा कबरीपर्यंत कधीच पोचत नाही.

मोजणी कशी झाली

२०१३ चा हा अहवाल त्या वर्षातला क्रमांक १८ चा. स्मारके आणि पुरावस्तूंचे जतन व संवर्धन हा त्याचा विषय. त्या वेळी केंद्रसंरक्षित स्मारके ३६७८ होती. लेखापरीक्षकांनी त्यांपैकी १६५५ ठिकाणी, म्हणजे सुमारे ४५ टक्के स्मारकांवर, प्रत्यक्ष जाऊन पाहणी केली. ही पाहणी संयुक्त होती. लेखापरीक्षणाच्या पथकाबरोबर खात्याचा माणूसही जागेवर हजर असे.

संयुक्त पाहणीचा हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण परीक्षेतही त्याकडे दुर्लक्ष होते आणि नोकरीतही. लेखापरीक्षक पुरातत्त्वज्ञ नसतो. तो एकटा गेला आणि 'इथे काही नाही' असे लिहून आला, तर खाते म्हणेल, 'तुम्ही चुकीच्या शेतात गेलात.' खात्याचाच परिरक्षक शेजारी उभा असेल, छायाचित्र दोघांच्या समक्ष काढलेले असेल आणि पाहणीच्या टिपणावर दोघांची सही असेल, तर तो वाद तिथेच मिटतो. त्यानंतरही लेखापरीक्षक आपली शंका लेखी देतो. कागदाच्या अर्ध्या भागात शंका लिहायची आणि उरलेला अर्धा भाग उत्तरासाठी कोरा सोडायचा, अशी जुनी पद्धत आहे. लेखापरीक्षा खात्यात तिला 'हाफ मार्जिन' म्हणतात. उत्तर आले की ते तपासून मसुदा, मग खात्याबरोबर समारोपाची बैठक, आणि त्यानंतर छापील परिच्छेद. एखादा आकडा या सगळ्या पायऱ्यांतून गेल्यावरच अहवालात येतो. म्हणून ९२ हा आकडा वर्तमानपत्रात आला तेव्हा खळबळ उडाली, पण तो हवेतला नव्हता.

या मोजणीत आणखी एक गोष्ट उघड झाली. देशात नेमकी किती स्मारके आपल्या संरक्षणात आहेत याची विश्वसनीय माहितीसूची खात्याकडेच नव्हती. अतिक्रमणांचा पाहणीत निघालेला आकडा खात्याच्या स्वतःच्या आकड्यापेक्षा बराच जास्त होता. कोणत्या स्मारकाची तपासणी किती महिन्यांनी व्हावी याचे बंधनकारक वेळापत्रक नव्हते. पुरावस्तूंच्या एकूण संख्येबाबतही हीच परिस्थिती होती.

आकड्याबद्दल एक सावधगिरी सांगून ठेवतो. १६५५ मध्ये ९२ म्हणजे साधारण साडेपाच टक्के. यावरून काही जण लगेच त्रैराशिक मांडतात: ३६७८ मध्ये दोनशेच्या आसपास स्मारके गेली असणार. असे मांडू नका. नमुना यादृच्छिक पद्धतीने निवडलेला असेल तरच तो हिशेब टिकतो. दूरची, आडवाटेची, आधीच संशय असलेली स्मारके नमुन्यात जास्त आली असतील तर गुणोत्तर फुगते. सोयीची, तिकिटाची, रस्त्यालगतची जास्त आली असतील तर ते आक्रसते. लेखापरीक्षकाने जेवढे पाहिले तेवढेच तो बोलतो. इतका संयम वाचकानेही पाळायला हवा.

'एक बुरूज'

ज्या स्मारकांचा शोध अखेरपर्यंत लागला नाही, त्यांत महाराष्ट्रातली दोन नावे आहेत. एक म्हणजे पुण्यातील जुनी युरोपीय कबर. दुसरे नाव आगरकोट येथील 'एक बुरूज' असे आहे.

ही दुसरी नोंद पुन्हा वाचा. एक बुरूज. कोणता? किल्ल्याला बुरूज अनेक असतात. दिशा नाही, मोजमाप नाही, शेजारची खूण नाही, सर्व्हे नंबर नाही. ज्या कारकुनाने किंवा अधिकाऱ्याने ही नोंद केली त्याच्या डोळ्यांसमोर तो बुरूज स्पष्ट असणार. बरोबरच्या शिपायालाही तो माहीत असणार. ते दोघे निवृत्त झाले, गेले, आणि बुरुजाकडे जाण्याची वाटही त्यांच्याबरोबर गेली. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते. बुरूज आजही उभा असण्याची शक्यता आहे. पण तो 'तोच' बुरूज आहे हे आता कोणी सिद्ध करू शकत नाही.

अशा नोंदी का उरल्या, याचे कारण कायद्याच्या इतिहासात आहे. १९०४ च्या प्राचीन स्मारक संरक्षण कायद्याखाली ब्रिटिश अमदानीत याद्या झाल्या. स्वातंत्र्यानंतर १९५१ च्या कायद्याने अनेक स्मारके एकगठ्ठा राष्ट्रीय महत्त्वाची ठरवली गेली आणि १९५८ च्या कायद्याने ती तशीच पुढे घेतली. प्रत्येक जागी पुन्हा जाऊन, नकाशा काढून, हद्द ठरवून नवी यादी करावी हे काम राहून गेले. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेने जानेवारी २०२३ मध्ये या यादीवर एक अहवाल काढला. त्यातही यादीचा मोठा भाग वसाहतकाळातून जसाच्या तसा आल्याचे आणि त्यात ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या व सैनिकांच्या कबरी बऱ्याच असल्याचे दाखवून दिले आहे. ज्या सरकारने यादी केली, त्याला आपल्या माणसांच्या कबरी महत्त्वाच्या वाटल्या, यात नवल नाही. नवल याचे की पुढची सत्तर वर्षे ती यादी कोणी उघडून तपासली नाही.

मग चांगली नोंद कशी असते? स्मारकाचे वर्णन, हद्दीचा नकाशा, अक्षांश-रेखांश, चारही दिशांची दिनांकित छायाचित्रे आणि जमिनीचा अभिलेख. शेवटचा मुद्दा नवखे लेखापरीक्षक विसरतात. महाराष्ट्रात सातबारा उतारा मागायचा आणि इतर हक्काच्या रकान्यात संरक्षणाचा उल्लेख आहे का ते पाहायचे. कर्नाटकात याच कागदाला बोलीत पहाणी म्हणतात. तिथे खात्याचे नाव नसेल, तर जमीन विकणारा आणि घेणारा दोघेही 'आम्हाला काय ठाऊक?' म्हणायला मोकळे. स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे आणखी २०० मीटर नियंत्रित क्षेत्र, ही तरतूद २०१० च्या दुरुस्तीने कायद्यात पक्की झाली. पण हद्दच ठरलेली नसेल तर १०० मीटर कुठून मोजायचे?

उलट दिशेची तपासणी

आतापर्यंत आपण कागदावरून जागेवर गेलो. यादीतली नोंद घ्यायची आणि वस्तू शोधायची. यातून अस्तित्व तपासले जाते. लेखापरीक्षणात याची जोडगोळी असते: जागेवरून कागदावर येणे. समोर दिसणारी वस्तू घ्यायची आणि ती यादीत आहे का ते पाहायचे. यातून यादीची पूर्णता तपासली जाते. बाजार समितीच्या गोदामात तुम्ही दोन्ही करता. वहीतल्या गोण्या शोधता आणि कोपऱ्यातल्या बिनखुणेच्या गोण्या वहीत आहेत का तेही बघता.

याचे उत्तम उदाहरण यशवंतपूरपासून काही किलोमीटरवर हेब्बाळला आहे. तिथे २०१८ मध्ये एक वीरगळ नव्याने उजेडात आला. त्यावर इसवी सन ७५० च्या सुमाराचा, गंग राजा श्रीपुरुषाच्या काळातला कन्नड लेख आहे आणि कित्तय्या नावाच्या वीराचा उल्लेख आहे. बेंगळुरू परिसरातील सर्वांत जुन्या कन्नड लेखांत त्याची गणना होते. तो खात्याच्या मोहिमेतून मिळालेला नाही. शिलालेखांचा छंद असलेल्या नागरिकांनी तो ओळखला आणि त्याच्यासाठी पुढे छोटासा मंडपही उभा राहिला. आता लेखापरीक्षकाच्या नजरेने पाहा. बाराशेहून अधिक वर्षांचा दगड वाढत्या शहराच्या मधोमध होता आणि कोणत्याही जबाबदार वहीत त्याची नोंद नव्हती. त्याचे काही झाले असते तर कोणत्याही खात्याच्या हिशेबात तूट दिसली नसती.

याच्या उलट बाजूला बी. एल. राइस यांचे काम ठेवा. 'एपिग्राफिया कर्नाटिका'चा बेंगळुरू जिल्ह्याचा नववा खंड १९०५ चा. त्यात गावोगावचे लेख उतरवून घेतले आहेत. आज अभ्यासक तो खंड हातात घेऊन फिरतात तेव्हा कितीतरी दगड मूळ जागी सापडत नाहीत. रस्ता रुंद झाला, पाया खणला गेला, शेताचा भूखंड झाला. दगड गेला तरी मजकूर मात्र राइसमुळे उरला आहे. आगरकोटच्या बुरुजाच्या नशिबी तेवढेही नव्हते. यादी नीट केली असती तर शंभर वर्षांनी तीच पुरावा ठरली असती.

दुरुस्तीचे काम तपासताना

स्मारक जागेवर आहे आणि खर्चही झाला आहे, अशा ठिकाणी काय पाहायचे? इथे लेखापरीक्षकाला आपली मर्यादा ओळखावी लागते. टिपूच्या राजवाड्याच्या सागवानी खांबाला कोणता लेप द्यावा, चुन्यात काय किती मिसळावे, हे ठरवणे त्याचे काम नाही. तो पाहतो ते एवढेच: कोणती पद्धत मंजूर झाली, कोणी मंजूर केली, आणि झालेले काम त्या मंजुरीशी जुळते का. जॉन मार्शल यांची संवर्धनाची नियमपुस्तिका १९२३ ची. तिचा पाया असा की जुने शक्य तेवढे राखावे आणि नव्याने घडवण्याचा मोह टाळावा. खात्याचे राष्ट्रीय संवर्धन धोरण २०१४ मध्ये, म्हणजे २०१३ च्या अहवालानंतर आले.

प्रत्यक्षात मागायचे कागद म्हणजे कामापूर्वीची स्थितीनोंद, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका, तपासणी टिपणे, काम पूर्ण झाल्याचा अहवाल आणि कामाआधीची व नंतरची छायाचित्रे. साध्या इमारतीच्या कामात मोजमाप पुस्तिका पुरते. इथे पुरत नाही. भिंतीवर इतके चौरस मीटर गिलावा केला, हे पुस्तिका सांगते. त्या गिलाव्याखाली जुने चित्र किंवा कोरीव ओळ होती का, हे फक्त आधीचे छायाचित्र सांगते. ते नसेल तर नुकसान झाले की नाही हे कधीच कळत नाही. म्हणून छायाचित्र नसणे ही किरकोळ त्रुटी मानू नका. माझ्या मते तो मोठ्या परिच्छेदाचा विषय आहे.

पैशाचे प्रमाणही पाहावे लागते. आर्थिक सल्लागार परिषदेच्या त्याच अहवालात २०१९-२० साठी ३६९५ स्मारकांकरिता ४२८ कोटी रुपयांची तरतूद दिली आहे. भागाकार करा: एका स्मारकामागे वर्षाला साधारण साडेअकरा लाख. सरासरी फसवी असते, कारण ताजमहालाचा आणि माळावरच्या थडग्याचा वाटा सारखा नसतो. तरी खात्याच्या बाजूनेही विचार करायला हा आकडा उपयोगी आहे. डिसेंबर २०२२ मध्ये संसदीय स्थायी समितीपुढे आलेल्या माहितीनुसार ३६९३ स्मारकांपैकी फक्त २४८ ठिकाणी सुरक्षारक्षक होते आणि त्यांची संख्या २५७८ होती. पंधरांपैकी चौदा ठिकाणी रक्षकच नाही. त्या चौदांतले एखादे दिसेनासे झाले तर चूक कोणाची? जागेवरच्या परिरक्षकाची, मंडळ कार्यालयाची, की तरतूद ठरवणाऱ्यांची? कामगिरी लेखापरीक्षणाने हा प्रश्न वरच्या टोकापर्यंत न्यायला हवा. खालच्या माणसावर आक्षेप टाकून थांबणे सोपे असते.

अहवालानंतर

अहवाल संसदेत ठेवला म्हणजे काम संपले असे नाही. लोकलेखा समिती तो वाचते, सचिवांना बोलावते, आश्वासने घेते. कॅगने याच विषयावर पाठपुराव्याचा अहवाल काढला तो २०२२ चा, क्रमांक १०. पाठपुराव्यात नवे दोष शोधण्यापेक्षा जुन्या आश्वासनांचे काय झाले ते पाहिले जाते. एक उदाहरण पुरेसे आहे. सर्वेक्षण व उत्खननावरचा खर्च एकूण खर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत नेऊ असे सांगितले गेले होते, पण तो एक टक्क्याच्याही खालीच राहिला.

हरवलेल्या ९२ चे काय झाले? खात्याने शोध घेतला आणि ४२ स्मारके सापडली. आधी नोंदी नीट असत्या तर ती हरवलीच नसती. उरलेल्या ५० ची विभागणी संसदेला सांगण्यात आली ती अशी: १४ शहरीकरणात गेली, १२ धरणांच्या पाण्याखाली गेली आणि २४ चा शोध लागत नाही. या तीन कप्प्यांकडे वेगवेगळे पाहा. पाण्याखाली गेलेले स्मारक 'हरवलेले' नसते. उजनीच्या जलाशयात पळसदेवचे जुने मंदिर पाणी उतरले की वर येते आणि लोक होडीने पाहायला जातात. (ते या यादीतले नाही, कल्पना यावी म्हणून सांगितले.) धरण हाही सरकारी निर्णयच असतो. नागार्जुनसागरच्या वेळी स्थळाचे उत्खनन करून अवशेष हलवले गेले, श्रीशैलमच्या पाण्यातून कुडवेल्लीचे संगमेश्वर मंदिर आलमपूरला नेऊन पुन्हा उभे केले. म्हणजे वेळेवर कळले तर करण्यासारखे असते. त्या १२ बाबत पाटबंधारे खात्याच्या आणि पुरातत्त्व खात्याच्या फायली एकमेकांना कधी भेटल्या का, हा विचारण्यासारखा प्रश्न आहे.

शोध न लागणाऱ्यांपैकी काहींचा शेवट मार्च २०२४ मध्ये कागदावर झाला. १८ स्मारके संरक्षणाच्या यादीतून वगळण्याचा निर्णय एएसआयने घेतला. हरियाणातील मुजेसरचा कोस मिनार आणि दिल्लीतील बाराखंबा दफनभूमी त्यांत होती. यासाठी वापरले ते १९५८ च्या कायद्याचे कलम ३५. त्या कलमाची भाषा अशी आहे की एखाद्या स्मारकाचे राष्ट्रीय महत्त्व संपुष्टात आले असे केंद्र सरकारचे मत झाल्यास तसे जाहीर करता येते. 'स्मारक हरवले' असा पर्याय कायद्यात नाही. त्यामुळे शोध न लागलेला मोगलकालीन मैलस्तंभ आता कायद्याच्या दृष्टीने महत्त्व उरले नाही म्हणून वगळला जातो. तो गेला कसा, कोणत्या वर्षी, कोणाच्या परवानगीने, हे त्या अधिसूचनेत यावे लागत नाही.

यादी खरी असावी म्हणून नसलेली नावे काढणे योग्यच आहे. तशी मागणी लेखापरीक्षक स्वतःच करेल. पण गोदामातल्या गोण्या कमी भरल्या म्हणून वहीतला आकडा कमी केला, तर मालक आधी पंचनामा मागतो. वगळलेल्या प्रत्येक स्मारकामागे चौकशीचे एक टिपण असावे आणि ते जाहीर व्हावे, एवढी अपेक्षा जास्त नाही. इंग्लंडमध्ये २००८ पासून धोक्यात असलेल्या वारशाची नोंदवही दरवर्षी प्रसिद्ध होते. वास्तू पडण्याआधी तिचे नाव लोकांसमोर येते, नंतर नव्हे. आपल्याकडे नाव कळते ते ती नाहीशी झाल्यावर.

स्वाध्याय

यशवंतपूर परिसरात राहत असाल तर मेखरी सर्कलजवळच्या केंपेगौडाच्या मनोऱ्यापाशी जा. इतरत्र असाल तर घरापासून चालत जाता येईल अशी एखादी जुनी वास्तू निवडा. ती केंद्राच्या यादीत आहे, राज्याच्या आहे, स्थानिक संस्थेकडे आहे की कुठेच नाही, ते शोधा. यादीत असेल तर तिचे तिथले वर्णन जसेच्या तसे उतरवून घ्या आणि ते एका अनोळखी मित्राला देऊन विचारा: एवढ्यावरून तू त्या जागी पोचशील का? चारही बाजूंनी छायाचित्रे काढा, मागे तारीख घाला, मोबाइलवर दिसणारे अक्षांश-रेखांश लिहा. फलक आहे का, हद्दीचे दगड दिसतात का, सर्वांत जवळचे नवे बांधकाम किती पावलांवर आहे, हेही टिपा. हा कागद जपून ठेवा आणि पाच वर्षांनी तो घेऊन पुन्हा त्याच जागी जा.